इंदूर : आधी पोहे, मग पत्ता

मुंबईहून संध्याकाळी अवंतिका एक्स्प्रेसने निघालो आणि सकाळी इंदूरला उतरलो. आई बरोबर होती. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला राजवाड्याचं भाडं विचारलं, तर त्यानं उलट विचारलं, "भिया, पोहे खाए क्या?" नाही म्हटल्यावर त्यानं आधी आम्हाला एका गाडीपाशी नेलं. भांड्याच्या वाफेवर गरम ठेवलेले, बडीशेपेच्या वासाचे पोहे, वर कांदा, शेव आणि जीरावन नावाचा चटपटीत मसाला, सोबत जिलबी. आपल्या दाणे-खोबऱ्याच्या पोह्यांची सवय असलेल्या आईनंही दुसरी प्लेट मागितली.

खरी गोष्ट पुढे घडली. रिकामी प्लेट हातात धरून आई डबा शोधत होती. रस्त्यावर कचराकुंडी दिसेना. ती हळूच प्लेट गाडीखाली ठेवायला वाकली, तर शेजारी उभ्या गिऱ्हाइकानं ती हातातून घेतली आणि गाडीमागच्या डब्यात टाकली. "लाओ माताजी, इधर दो." चेहऱ्यावर राग नव्हता. दारातली चप्पल घरातल्या माणसानं नीट लावावी, तसं केलं त्यानं.

२०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर सलग पहिलं येतंय, हे वाचलेलं होतं. पण ते कसं जमतं, ते सकाळी गल्लीत उभं राहिल्यावर कळतं. गाणं वाजवत कचरागाडी येते आणि लोक ओला, सुका, प्लास्टिक असा वेगळा केलेला कचरा घेऊन बाहेर येतात. कुणाचं मिसळलेलं दिसलं तर शेजारीणच टोकते. ओला कचरा देवगुराडियाच्या प्रकल्पात जातो. दिवसाला ५५० टन क्षमतेचा हा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. त्याच्या गॅसवर शहरातल्या बसगाड्या धावतात, हे आमच्या रिक्षावाल्यानं स्वतःच्या मुलाचे मार्क सांगावेत तसं सांगितलं.

राजवाडा सात मजली आहे : खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. समोरच्या बाकावर एक आजी भेटल्या. आमचं बोलणं ऐकून मराठीतच म्हणाल्या, "कुठले तुम्ही? या, बसा." होळकरांच्या काळापासून इथे मराठी घरं आहेत. साहित्य संमेलनंही इथे १९१७, १९३५ आणि २००१ मध्ये झाली. आजींनी आम्हाला जवळच्या कृष्णपुरा छत्र्या, म्हणजे होळकरांच्या समाध्या, बघायला पाठवलं, आणि खजराण्याचा गणपती चुकवू नका म्हणून दोनदा बजावलं. ते मंदिर अहिल्याबाईंनी बांधलेलं आहे.

रात्री सराफा. दिवसा सोन्याची दुकानं, ती बंद झाली की त्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. नऊच्या आधी जाऊन उपयोग नाही. शनिवार-रविवारी गर्दीत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा वयस्कर मंडळी असतील तर मधला वार धरा आणि गाडी दूर लावून ई-रिक्षाने जा. एकेक पदार्थ एकच मागवा आणि वाटून खा, नाहीतर भुट्ट्याचा कीस आणि खोपरा पॅटिसवरच पोट भरतं. थंडीत गेलात तर तळलेलं, मसाला टाकलेलं गराडू (एक कंद) खाच. इथली शिकंजी म्हणजे लिंबू सरबत समजू नका, ती दुधाची, सुकामेव्याची असते. उपवास असेल तरी अडचण नाही, साबुदाण्याची खिचडी आहे. मध्यरात्री निघताना पायाखाली एक कागद दिसला नाही. प्रत्येक गाडीवाल्याचा स्वतःचा डबा, आणि तो गिऱ्हाइकाच्या हातापाशी.

उज्जैन तासाभरावर आहे, पण त्यासाठी इंदूरचा दिवस कापू नका. इंदूरला किमान दोन रात्री द्या. छप्पन दुकान या खाऊगल्लीसाठी संध्याकाळ ठेवा.

परतताना त्याच रिक्षावाल्याला फोन केला. भाडं ठरलेलं तेवढंच घेतलं आणि म्हणाला, "रंगपंचमी को आओ, माताजी को लेके. गेर देखो. और गेर के बाद रुकना, हमारे सफाईवाले रोड कैसे धोते हैं, वो भी देखना." गेर म्हणजे रंग उधळत निघणारी रंगपंचमीची मिरवणूक. आईनं तिथेच फोनवर रंगपंचमीची तारीख बघायला लावली.