नऊ ओळी आणि एक सेकंद

शुक्रवारी संध्याकाळी सहाला चाचणी लावून घरी गेलो, तेव्हा ओसिलोस्कोपवर दोन कडा शेजारीशेजारी उभ्या होत्या. एक मास्टर म्हणून, म्हणजे ज्याच्या वेळेशी जुळवायचं ते घड्याळ म्हणून, लावलेल्या पीसीच्या नेटवर्क कार्डाची, दुसरी आमच्या बोर्डाची. दर सेकंदाला एक पल्स. दोघींत साधारण ३०० नॅनोसेकंदांचं अंतर होतं, पण ते जागचं हलत नव्हतं. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे चिप आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांना जोडणाऱ्या कोडमध्ये, हार्डवेअर टाइमस्टॅम्पिंग (पॅकेटवर चिपनेच वेळेचा शिक्का मारणं) घालायला मला पाच आठवडे लागले होते.

सोमवारी सकाळी आठला लॉग उघडला. ६२ तासांत नऊ ओळी अशा, की आमचं घड्याळ मास्टरच्या १०० कोटी नॅनोसेकंद, म्हणजे अख्खा एक सेकंद पुढे. बाकी सव्वादोन लाखांच्या आसपास ओळी स्वच्छ.

हा बोर्ड वीज उपकेंद्रात बसणार होता. ५० हर्ट्झच्या प्रवाहाचे सेकंदाला ४,००० नमुने घ्यायचे आणि त्यांची वेळ १ मायक्रोसेकंदाच्या आत सांभाळायची. सॉफ्टवेअरने शिक्का मारला तर हे जमत नाही. पॅकेट तारेवरून येतं, इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हाक, लागतो, प्रोसेसर हातातलं काम सोडून येतो, आणि तोवर किती वेळ गेला हे दर वेळी वेगळं. म्हणून पीटीपीमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवायच्या आयईईई १५८८ या मानकात, शिक्का इथरनेटच्या चिपनेच पॅकेट आत शिरताना मारायचा आणि ड्रायव्हरने तो उचलून कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, हवाली करायचा. माझं काम एवढंच, उचलून देण्याचं.

त्या नऊ ओळींनी घड्याळाचं काय केलं तेही लॉगमध्ये होतं. घड्याळ पुढे गेलंय असं समजून पीटीपीच्या प्रोग्रॅमने ते जमेल तितकं मंद केलं. आमच्या घड्याळाची मर्यादा १०० पीपीएम (दहा लाखांत शंभर), म्हणजे पुढच्या एका सेकंदात ते खरोखरच १०० मायक्रोसेकंद मागे पडलं. ५० हर्ट्झच्या प्रवाहाच्या कोनात मोजलं तर १.८ अंश. लाइनच्या दोन टोकांचे प्रवाह ताडून बिघाड ओळखणाऱ्या रिले या उपकरणाच्या हिशेबात ही चूक थेट शिरते. नंतर घड्याळ सावरलं, पण ‘दिवसातून तीन-चारदाच होतं’ असं म्हणून असा बोर्ड मी देऊच शकत नव्हतो.

माझा पहिला संशय स्विचवर होता. आमच्या हार्डवेअरच्या मॅडमनी लॉगवर नजर टाकली आणि म्हणाल्या, “अरे, नेमका एकच सेकंद? आणि मागे एकदाही नाही? केबल, स्विच, तापमान, कुणीच असा गोल आकडा देत नाही. हा तुझ्या कोडमधनं आलाय.”

प्रत्येक शिक्क्याचा कच्चा आकडा मी छापून ठेवला होता, हे नशीब. नऊच्या नऊ काढून एकाखाली एक लिहिले: ९९९९७१४४८, ९९९९८८२०४, ९९९९६३९१६... सगळ्यांची सुरुवात ९९९९ने. सेकंद संपायला ४० मायक्रोसेकंदांहून कमी उरले असताना आलेली पॅकेटं होती ती. मला तिथेच घाम फुटला.

चिप पॅकेटच्या डिस्क्रिप्टरमध्ये, म्हणजे पॅकेटसोबतच्या नोंदीत, फक्त नॅनोसेकंद लिहिते. सेकंद मी घड्याळाच्या रजिस्टरमधून वाचत होतो, पण पॅकेट हातात आल्यावर, साधारण ४० मायक्रोसेकंदांनी. मधल्या काळात सेकंद उलटला की जुने नॅनोसेकंद आणि नवा सेकंद एकत्र चिकटत. हिशेब मांडला: ६२ तासांत मास्टरची सेकंदाला एक अशी २,२३,२०० सिंक (वेळ जुळवायची) पॅकेटं, प्रत्येक सेकंदात ४० मायक्रोसेकंदांची फट. ८.९ आले. लॉगमध्ये नऊ. इतकं जुळल्यावर दुसरं कारण शोधायची गरजच उरली नाही.

दुरुस्ती चार ओळींची. घड्याळाचे सेकंद आणि नॅनोसेकंद एकदमच वाचायचे. पॅकेटचे नॅनोसेकंद आत्ताच्या नॅनोसेकंदांपेक्षा मोठे निघाले, तर सेकंद मध्येच उलटलाय, एक वजा करायचा. दोन रजिस्टरं वाचतानाही सेकंद उलटू शकतो, म्हणून सेकंद पुन्हा वाचून बदलला असेल तर दोन्ही परत वाचायचे. पाठवण्याच्या बाजूलाही मी तोच कोड उतरवला होता. तिथली चूक पीटीपीच्या विलंबाच्या फिल्टरमध्ये गाळली जात होती, म्हणून लॉगमध्ये दिसली नाही. दोन्हीकडून एकच फंक्शन बोलावलं.

चाचणीला पुन्हा ६२ तास थांबणं परवडणार नव्हतं. आमची चिप हव्या त्या पॅकेटवर शिक्का मारते, म्हणून पीसीवरून सेकंदाला १०,००० पॅकेटं सोडली आणि प्रत्येक शिक्का सॉफ्टवेअरच्या वेळेशी ताडला. आधी मुद्दाम जुना ड्रायव्हर चढवला. चौथ्या सेकंदाला पहिली चूक पकडली गेली. मग नवा चढवला आणि रात्रभर चालू ठेवला. सकाळी चुका शून्य.

दुपारी मॅडम स्कोपजवळ आल्या. ते ३०० नॅनोसेकंदांचं अंतर तसंच उभं होतं. बहुतेक फायमधून, म्हणजे बोर्ड केबलला जोडणाऱ्या चिपमधून, जाताना लागणारा वेळ; येताना आणि जाताना तो सारखा नसतो, त्यामुळे अर्धा फरक घड्याळात उतरतो. त्यांनी प्रोब उचलला, मी फायचं डेटाशीट उघडलं.