तुम्ही विचारलंत म्हणून: हॅरी पॉटर आणि कापसाची खोली

"सर, पोट्ट्याले हॅरी पॉटर दाखवू का?" दर सुट्टीत चार-पाच जण तरी विचारतात, मी मास्तर म्हणून आणि पुस्तकांचा तो सेट गावात पहिल्यांदा मीच नागपूरहून आणला म्हणून. माझं उत्तर ऐकलं की म्हणतात, सर घाबरले. नाही घाबरलो हो. म्हणजे घाबरलो, पण तुम्हाला वाटतं तसा नाही.

बायको म्हणाली होती, पोरगा सहा वर्षांचा आहे, थांबा जरा. मी म्हणालो, आपण नाही का आजीजवळ मुंज्या नि चकवा ऐकत मोठे झालो, काय झालं आपल्याला? (रात्री चिंचेखालून जायला मला आजही जमत नाही, हे तिला सांगितलं नाही.) एवढं मात्र सुचलं नाही की तो हॅरी पहिल्या भागात 11 वर्षांचा आहे, पुढे दर भागाला एक वर्ष वाढतो, आणि 1997 ते 2007 पुस्तकं येत गेली तशी वाचणारी पोरंही वाढत गेली. आमच्या पोरानं दिवाळीत दोन दिवसांत दोन पिक्चर संपवले.

दुसऱ्यात तो बॅसिलिस्क, पायपांतून फिरणारा अजस्र साप, त्याच्या डोळ्यांत पाहिलं की माणूस मेला, आरशात पाहिलं तर नुसता थिजतो. झालं. पोरगं मोरीत जाईना, गेलंच तर माझा दाढीचा आरसा हातात. आम्ही हसायचो. मी तर फोटो काढून स्टेटसला ठेवला, लाज वाटते आता.

मग वेचणी सुरू झाली, पुढची खोली कापसानं छतापर्यंत भरली. पोरं त्यात उड्या मारतात, आम्हीही मारायचो. एका संध्याकाळी लाइन गेलेली, आणि आतून कुकरची शिट्टी व्हावी तसा आवाज, पण थांबेचना. टॉर्च घेऊन धावलो तर पोरगा ढिगाच्या कडेला उभा, डोळे गच्च मिटलेले, आणि समोर दोन हातांवर परड, म्हणजे घोणस, वेटोळं करून फुगलेली. "मांग सरक!" हलला नाही. "डोये उघड ना बे!" तर म्हणे, "नाही बाबा, पाह्यलं तं मरीन." शेवटी मागून जाऊन काखेत धरून उचलला, चड्डी ओली, अंगणात आणला तरी डोळे मिटलेलेच. आईनं तोंडावरून पाण्याचा हात फिरवला, "उघड रे राजा, गेलं ते," तेव्हा एक डोळा उघडला. एकच.

तेव्हापासून सगळ्यांना सांगत सुटलो, दहाच्या आत नाही म्हणजे नाही. पण साप धरायला आलेला सर्पमित्र काय म्हणाला तेही सांगतो, "सर, हालला नाही म्हून वाचला, अंधारात पयाला असता तं पाय तिच्यावरच पडला असता." आता घ्या. बायको म्हणते पिक्चरचं काही नाही, अंधारात कापसात खेळू दिलं ती चूक तुमची. बरोबर आहे तिचं, पण ते मला कोणी विचारत नाही.

सेन्सॉरनं आता यूएमध्येही (म्हणजे आईबापानं लक्ष ठेवून दाखवायच्या पिक्चरांत) वयानुसार 7+, 13+, 16+ असे भाग पाडलेत, ते बघायचं तर बघा. त्यात कापसाची खोली धरलेली नसते.

आरसा अजून त्याच्या दप्तरात आहे. तिसरा भाग कधी लावता म्हणून रोज मागे लागतो, मी म्हणतो नेट स्लो आहे.