पोटात फडफडायचं अन् मी दोन महिने गप्प राहिली

कापूस वेचणी सुरू झाली त्याच सुमारास माझ्या पोटात, बेंबीच्या खाली डावीकडे, काहीतरी फडफडायला लागलं. दुखत बिलकुल नव्हतं. मुठीत चिमणीचं पिल्लू धरलं की आतून हलते ना, तसं. दोन लेकरं झालेल्या बाईला ते कशासारखं वाटते हे सांगायची गरज नाही, अन् माझं तर धाकट्याच्या वेळेसच मूल बंद व्हायचं ऑपरेशन झालेलं, त्याला आता ७ वर्षं झाली.

रात्री निजलं की जास्त कळायचं. नवऱ्याला सांगितलं नाही. ऑपरेशन फेल झालं असंल तर गावात लोक काय काय बोलतील, तेच डोक्यात फिरे. सासूबाईला फक्त गुडगुड होते म्हटलं तर त्या म्हणे, "बेंबी सरकली असंल वं, वजन उचलते ना तू," अन् पोटावर दिवा ठेवून वरून गडवा पालथा घातला. पोट ओढलं गेलं, फडफड तशीच. मग एक दिवस मजुरीचा रोज पाडून तालुक्याला एका दवाखान्यात गेली, तिथं डॉक्टरनं पोटाला हातसुद्धा लावला नाही, गॅस आहे म्हणून ५ दिवसाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्याचा मला अजून राग येते.

शेवटी गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईला सांगितलं, तेही बोरिंगवर दुसरं कोणी नव्हतं म्हणून. ती हसली नाही, हेच मला फार वाटलं. तिनं किट आणून दिली, सकाळच्या पहिल्या लघवीचे थेंब टाकून ५ मिनिटं पाहायचं. एकच रेघ आली. मी ती उजेडात नेऊन तीनदा पाहिली. तरी ती म्हणे, आरोग्य केंद्रात चल, ऑपरेशन फेल होणं क्वचितच घडते पण घडलं तर गर्भ नळीत राहायची भीती जास्त असते, पोटात जोरात दुखून चक्कर आली तर घरी थांबायचंच नाही.

तिथल्या मॅडमनं मला निजवलं, सगळं पोट दाबून पाहिलं, मग माझाच हात बेंबीच्या वर ठेवला अन् म्हणे, दुसऱ्या हाताची नाडी आशाताईला धरू दे. वर जे ठकठक लागे ते नाडीसंगंच पडत होतं. ती पोटातली मोठी रक्तवाहिनी, बारीक अंगाच्या माणसाला हाताला लागते. पण खालची फडफड नाडीशी जुळेना, मधीच थांबे, मधीच सुरू. ती आतड्याची हालचाल, आतडं अन्न अन् गॅस पुढं ढकलते त्याची. कधीकधी डोळ्याची पापणी लवते ना, तसा पोटाचा स्नायूही लवते म्हणे.

"मग अगदी बाळासारखं काहून वाटते?" मी विचारलं.

त्या म्हणे, बाळाची हालचाल १६ ते २० आठवड्याच्या आसपास कळते, तुमची पाळी वेळेवर येते अन् टेस्टही निगेटिव्ह आहे, आणि बाळंतपणाला कित्येक वर्षं झाली तरी बऱ्याच बायांना अशा लाथा जाणवतात. मला तिथंच रडू आलं, कारण वाटलं म्हणजे मी एकटी नाही.

मग दिवस कसा जाते ते विचारलं. सकाळी नुसता काळा चहा, डबा दुपारी दीडला, पाणी घोटभर कारण वावरात बाईनं जायचं कुठं, कमरेला ओटी बांधून ती भरेपर्यंत वाकून वेचायचं, अन् रात्री भुकेल्यापोटी तिखट रस्सा अन् तुरीचं वरण पोट फुटेस्तोवर. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवला. वजन घटलं, शौचातून रक्त गेलं, गाठ लागली किंवा ठकठकीच्या जागी दुखलं तर लगेच या म्हणे. सोनोग्राफीही केली, उपाशीपोटी अन् लघवी रोखून, नॉर्मल आली.

आता नऊलाच वावरात भाकर खाते, बाटली संपवते, पराटीच्या आडोशाला आम्ही तिघी मिळून जातो. फडफड कमी झाली, पूर्ण गेली नाही. परवा रात्री झाली तेव्हा नवऱ्याचा हात पोटावर ठेवून सगळं सांगितलं. तो बराच वेळ हात तसाच ठेवून होता, मग म्हणे, "दोन महिने काहून नाही सांगितलं?"