बोर्दोहून, द्राक्षाच्या एका डोळ्याबद्दल

२०२५ चा मे महिना कसा गेला हे नाशिककडच्या द्राक्ष बागायतदारांना नव्यानं सांगायला नको. नव्या काड्यांसाठी उन्हाळ्यात करतात ती खरड छाटणी होऊन काड्या जोमात होत्या आणि ज्या दिवसांत कडक ऊन हवं, त्याच दिवसांत आभाळ उघडेना. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आला आणि २६ मे रोजी मुंबईत. आजवरच्या नोंदींत तो मुंबईत इतक्या लवकर कधी पोचला नव्हता. आमच्या मामांची बाग निफाड तालुक्यात. ऑक्टोबर छाटणीनंतर त्यांनी व्हिडिओ कॉल लावला, फोन वेलीजवळ धरला आणि एकामागून एक फुटवे दाखवत गेले. घड हवा तिथं बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तंतू. मधूनच एखादा गोळी घड, म्हणजे अर्धवट वाढलेला, तोही जिरायच्या बेतात.

"तू तिकडं याच डोळ्यात बघतेस ना?" मामा म्हणाले. "मग सांग, घड गेला कुठं?"

मी फ्रान्समध्ये बोर्दोला एका प्रयोगशाळेत काम करते. विषयाचं नाव भारदस्त आहे: सिंगल सेल आणि स्पेशियल ओमिक्स. म्हणजे एकेका पेशीत कोणती जनुकं चालू आहेत ते, तिच्या जागेसकट, मोजणं. नातेवाइकांना "द्राक्षावर काम करते" एवढंच सांगितलेलं पुरतं. तेही त्याचा अर्थ वाइन असा लावतात आणि विषय लग्नावर नेतात. मामांचा प्रश्न तेवढ्यावर मिटणारा नव्हता, म्हणून हे जरा सविस्तर.

ऑक्टोबरात दिसणारा घड ठरतो मे-जूनमध्येच, काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे पेरावरच्या कोंबाच्या, आत. हे बागायतदाराला पाठ असतं. शेंडा कधी मारायचा, सबकेन (पोटकाडी) कधी करायची, कोणती फवारणी कोणत्या दिवशी घ्यायची, सगळं सूक्ष्मघड निर्मितीवर बेतलेलं असतं. डोळ्याच्या आत वाढीच्या टोकाला लागून पेशींचा एक बारीक उंचवटा तयार होतो. पुढे आपण काय होणार हे त्याचं त्यालाही ठरलेलं नसतं. ऊन आणि ऊब मिळाली, सायटोकायनिन हे वनस्पतीतलं संप्रेरक पुरेसं असलं, की तो फांद्या-उपफांद्या काढत घड होतो. सावली राहिली, जिबरेलिन या दुसऱ्या संप्रेरकाचा जोर राहिला, की त्याचीच बाळी होते. मामा त्या दिवसांत ६ बीए (सायटोकायनिनच्याच जातीचं औषध) मारतात ते याचसाठी. तेव्हा घड कुठं गेला नाही, तो बाळी होऊन तिथंच लोंबतोय.

एवढं पुस्तकात आहे. नाही ते हे की त्या उंचवट्यातल्या नेमक्या कोणत्या पेशी आधी ठरवतात आणि कोणतं जनुक आधी जागं होतं. जुनी पद्धत अशी: डोळे तोडायचे, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचे, खलात कुटायचे आणि आरएनए, म्हणजे चालू जनुकांची नक्कल, काढून मोजायचा. येणारा आकडा अख्ख्या डोळ्याचा असतो. बाहेरचे खवले, आतला कापूस, कोवळी पानं, सगळ्यांचा मिळून एक. आपल्याला हव्या त्या चिमूटभर पेशी त्यात बुडून जातात. फळपीक विम्याचा अनुभव असलेल्याला हे लगेच कळेल. महसूल मंडळाला एक हवामान केंद्र. पाऊस धो धो पडतो तुमच्या शिवारात, केंद्र असतं चार गावं पलीकडं, आणि कागदावर त्या दिवशी काही घडलेलंच नसतं. कुटलेल्या डोळ्याचा आकडा हा असा मंडळाचा आकडा आहे.

सिंगल सेलमध्ये प्रत्येक पेशीचा हिशेब वेगळा ठेवतात. पेशी सुट्या करायच्या, एकेकीला तेलातल्या सूक्ष्म थेंबात कोंडायचं, त्या थेंबातल्या आरएनएला त्याच थेंबाचा डीएनए बारकोड जोडायचा आणि मग सगळं एकत्र वाचायचं. कुठला रेणू कुठल्या पेशीचा ते बारकोड सांगतो. एकेका पेशीचा आरएनए वेगळा वाचणं प्राण्यांच्या पेशींवर २००९ मध्ये करून दाखवलं गेलं, थेंबांची ही युक्ती २०१५ मध्ये आली. वनस्पतींमध्ये त्याला खरा जोर आला २०१९ मध्ये, जेव्हा अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपाच्या मुळांवर एकाच वर्षात अनेक गटांचे निबंध आले.

एवढा उशीर का? तर पेशीभित्तिका. वनस्पतीची पेशी सेल्युलोजच्या भिंतीत बसलेली असते आणि शेजारच्या पेशीला पेक्टिननं चिकटलेली असते. ही भिंत विकरांनी पचवावी लागते. त्यात वेळ जातो आणि तेवढ्यात पेशी बिथरते. तिची चालू-बंद जनुकं बदलतात आणि आपण मोजतो तो आपणच दिलेला ताण. द्राक्षात आणखी भर म्हणून टॅनिन आणि फिनॉल, जे आरएनए काढताना त्याला घेऊनच बसतात. म्हणून आम्ही अख्ख्या पेशीचा नाद सोडून नुसती केंद्रकं वेगळी करतो. ती गोठवलेल्या डोळ्यातूनही मिळतात, ही मोठी सोय.

पण पेशी सुटी केली की तिचा पत्ता जातो. उंचवट्याच्या टोकावरची कोण आणि बुडाशी कोण होती, कळत नाही. जागेसकट मोजायची युक्ती स्टॉकहोमच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडली आणि पुढच्याच वर्षी ती वनस्पतींवर वापरली गेली. त्यात अस्पेन झाडाचे डोळेही होते, म्हणून मला तो निबंध विशेष जवळचा. काचेच्या पट्टीवर ठिपके असतात, प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा बारकोड. त्यावर डोळ्याचा पातळ काप ठेवायचा, पेशींना भोकं पाडायची आणि आरएनए खालच्या ठिपक्यावर उतरू द्यायचा. नेचर मेथड्स या नियतकालिकानं २०२० ची सर्वोत्तम पद्धत म्हणून हिची निवड केली. सगळ्यात जास्त वापरल्या गेलेल्या व्हिजियम पट्टीवर ठिपका ५५ मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डोळ्यातल्या वाढीच्या टोकाच्या पेशी त्याहून कितीतरी लहान, त्यामुळे एका ठिपक्यात बऱ्याच जणी येतात. मंडळातलं केंद्र गावात आणलं, बांधावर अजून आलेलं नव्हतं. आता २ मायक्रॉनच्या चौकटींची पट्टी निघाली आहे. तिच्या किमतीत मामांकडं एखादा जुना ट्रॅक्टर येईल असं आमच्या प्रयोगशाळेत कुणी म्हणालं नाही, मीच म्हणते.

या सगळ्यात खरी परीक्षा काप घेण्याची. उणे २० अंशांच्या पेटीत गोठवलेला डोळा बसवायचा आणि पात्यावरून १० मायक्रॉनचा काप उतरवायचा. डोळ्यातला कापूस इथं छळतो. काप पात्याखालीच गुंडाळतो, तो ओल्या-कोरड्या ब्रशनं श्वास रोखून पसरावा लागतो. श्वास पडला की वितळला. काप मधोमध जायला हवा, जरासा तिरका गेला की उंचवटा हुकतो आणि नुसती पानं दिसतात. छाटणीआधी मामा काड्यांची जुडी घेऊन डोळे तपासायला जातात तेव्हा मी एकदा सोबत गेले होते. तिथला मुलगा साध्या ब्लेडनं डोळा उभा चिरतो, सूक्ष्मदर्शकाखाली धरतो आणि मान वर न करता सांगतो, "तिसऱ्यात नाही, पाचव्या-सहाव्यात आहे. तिथं ठेवा काडी." बाहेर रांग लागलेली, आणि त्याचा प्रत्येक काप मधोमध. त्याला आमच्याकडं आणला तर आठवड्याभरात तो आम्हालाच शिकवेल.

एका पेशीच्या थरानं काय फरक पडतो हे पाहायला यंत्रं नसली तरी चालतं. शॅम्पेनमध्ये वापरतात ती पिनो मेनिए ही जात बघा. तिची कोवळी पानं पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी दिसतात, कारण तिच्या अगदी बाहेरच्या पेशींच्या थरात जिबरेलिनच्या आज्ञेशी संबंधित एका जनुकात बदल झालेला आहे. आतल्या थरांत नाही. एकाच वेलीत दोन तऱ्हेच्या पेशी नांदतात. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओमधले पॉल बॉस आणि मार्क थॉमस यांनी त्या बाहेरच्या थरातूनच अख्खी रोपं वाढवली आणि २००२ मध्ये नेचरमध्ये जे दाखवलं ते मामांना सांगितलं तेव्हा ते सरसावून बसले. रोपं बुटकी झाली आणि जिथं बाळी यायची तिथं घड आले. हरितक्रांतीतला गहू ज्या जनुकामुळं बुटका झाला, त्याच घराण्यातलं हे जनुक.

"म्हणजे सीसीसीचं काम वेलीनं आपणच केलं," मामा म्हणाले. अगदी बरोबर. सीसीसी ही वाढ रोखणारी फवारणी वेलीत जिबरेलिन बनू देत नाही, या रोपाला जिबरेलिन असून नसल्यासारखं. परिणाम एकाच वाटेवरचा. सीसीसीचं नाव काढलं की २०१० चा विषय निघतोच. त्या वर्षी युरोपात आपल्या द्राक्षांत तिचे अंश सापडले आणि निर्यात अडकली. तेव्हाची नावं, कंटेनर, तोट्याचे आकडे मामांना तोंडपाठ आहेत. माझ्या मते या संशोधनाचा आपल्याला खरा उपयोग इथंच आहे. कोणत्या पेशीत, कोणत्या आठवड्यात निर्णय होतो हे नेमकं कळलं तर अख्ख्या वेलीवर औषध ओतत बसण्याची गरज कमी होईल, किंवा ढगाळ हवेतही घड धरणारी जात निवडताना काय शोधायचं ते कळेल. पुढच्या हंगामाला यातलं काही हाताशी येणार नाही, हे मी मामांना स्वच्छ सांगितलं. त्यांनीही ते शांतपणे ऐकलं. फवारणीचे सल्ले देणारे त्यांना रोज चार भेटतात.

आता अडचण. इथला वेल हिवाळ्यात झोपतो. जानेवारी-फेब्रुवारीत बोर्दोच्या बागा पाहिल्या तर गुडघ्याएवढ्या काळ्या खुंटांच्या रांगा, पानाचा पत्ता नाही, ना मांडव ना इंग्रजी वाय आकाराचा आधार. उन्हाळ्यात डोळ्यात धरलेला घड थंडीभर थांबतो आणि वसंतात उमलतो. आमच्या संस्थेच्या बागेचं काम पाहणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत. आपल्याकडं वर्षातून दोनदा छाटणी होते हे त्यांना पटेचना. मी मामांच्या बागेचा जानेवारीतला फोटो दाखवला, हिरवीगार पानं आणि पिकायला आलेले घड. ते बराच वेळ बघत राहिले, मग विचारलं, "पण मग ती झोपते कधी?" मला हा प्रश्न फार आवडला. एप्रिलच्या रात्री दव गोठायला लागलं की हीच माणसं बागेत मेणबत्त्या पेटवून जागतात. २०२१ मध्ये अशीच थंडी येऊन फ्रान्सभर कोवळे फुटवे जळाले होते. निफाडला पारा उतरला की आपणही बागेत शेकोट्या करतो, हे ऐकून त्यांना जरा बरं वाटलं.

तर इथल्या डोळ्याचा नकाशा नाशिकच्या डोळ्याला जसाच्या तसा लागू होणार नाही. मेमध्ये धरलेला घड ऑक्टोबरात फुटणं, मधली झोप नाही, मुळाशी डॉगरिजचा खुंट, ज्यावर आपली द्राक्षं कलम करतात. यातलं काहीच इथं नाही. बरं, मामांच्या बागेतल्या काड्या बॅगेत घालून आणाव्यात, तर तेही नाही. द्राक्षाचं फळ सोडून वेलीचा कोणताही भाग बाहेरच्या देशांतून युरोपीय संघात आणायला बंदी आहे, आणि आपल्याकडून जैविक सामग्री संशोधनासाठी बाहेर न्यायची तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली परवानगी लागते. दोन्ही नियम मला योग्यच वाटतात. मुळांवर जगणाऱ्या फायलोक्सेरा किडीनं युरोपचं १९ व्या शतकात काय केलं ते इथं कुणी विसरलेलं नाही. म्हणजे हे काम तिकडंच व्हायला हवं. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, बागा आहेत, डोळे चिरणारे हात आहेत. खरड छाटणीनंतर ठरावीक दिवसांनी डोळे तोडून बागेतच द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचे, एवढ्यापासून सुरुवात होते. तो नायट्रोजन मेच्या उन्हात निफाडपर्यंत उडून न जाता पोचवणं हे मात्र खरंच डोकं लावायचं काम आहे.

केवडा (डाउनी मिल्ड्यू) या द्राक्षावरच्या रोगाबद्दल विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. केवड्याचे बीजाणू पानावरच्या पाण्यातून पोहत पर्णरंध्रापाशी येतात आणि तिथून आत शिरतात, त्यामुळे सुरुवातीची लढाई मोजक्या पेशींतच होते. अराबिडॉप्सिसमध्ये जिवाणूच्या संसर्गावर असंच काम कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत झालं आणि जानेवारी २०२५ मध्ये नेचरमध्ये आलं. संसर्ग झालेल्या जागी क्वचित सापडणाऱ्या, वेगळ्याच अवस्थेतल्या पेशी आणि त्यांच्याभोवती इशारा पसरवणाऱ्या पेशी त्यांना दिसल्या. द्राक्षात असं काही सापडलं तर आनंदच. तोवर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण आहेच. ते याच गावचं. बोर्दोजवळच्या मेदॉकमधले बागायतदार वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे. त्याच वेली केवड्यातून वाचतात हे वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांनी हेरलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. मामांचं यावर म्हणणं, "चोर सगळीकडं सारखेच." दुसरी एक बातमी त्यांना अजून पटलेली नाही: २०२३ मध्ये इथं हेक्टरी ६,००० युरो देऊन वेली उपटायची योजना आली, कारण वाइन खपत नव्हती.

नाशिकच्या काही विद्यार्थ्यांनी विचारलं होतं की यात शिरायचं कसं. प्रयोग महाग आहेत, पण निम्म्याहून जास्त वेळ संगणकावर जातो, आणि छापून आलेल्या बहुतेक प्रयोगांचा कच्चा डेटा जीईओसारख्या सार्वजनिक संग्रहात फुकट मिळतो. २००७ मध्ये वाचलेला द्राक्षाचा जीनोमही खुला आहे. आर किंवा पायथन ही संगणकभाषा शिका, अराबिडॉप्सिसच्या मुळाचा २०१९ चा एखादा डेटा उतरवा आणि निबंधातली आकृती स्वतः काढून बघा. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मात्र हे अडेल, तेव्हा कॉलेजचा सर्व्हर वापरायला मिळतो का ते आधी विचारा.