गळ्यावर बोटं ठेवा

स्मरणिका समितीचं पत्र आलं, ‘शाळेच्या आठवणी लिहा.’ मैदान, प्रार्थना, स्नेहसंमेलन यांवर बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय ते फक्त इंग्रजीच्या बाईंबद्दल. कोणत्या बाई, हे आमच्या वेळच्या कुणाला सांगायला नको.

सारखे दिसणारे इंग्रजी शब्द जोडीने शिकवायला बाईंचा ठाम विरोध. गाइडमध्ये ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ शेजारी शेजारी छापलेले असायचे. मुलं दोन्ही अर्थ घोकायची आणि पेपरात नेमकी अदलाबदल करायची. बाई आधी एकटा ‘इफेक्ट’ घ्यायच्या. नाम, अर्थ परिणाम. तो निबंधांतून, पत्रांतून अंगवळणी पडला की मगच ‘अफेक्ट’, म्हणजे परिणाम करणं. ‘इफेक्ट’ क्रियापद म्हणूनही येतो, घडवून आणणं या अर्थाने, हे त्यांनी थेट दहावीत सांगितलं. तोवर त्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं.

पण बाईंचं खरं हत्यार म्हणजे घसा. आपल्याकडे नट ढिला असला तरी ‘लूज’ आणि मॅच हरली तरी ‘लूज’. बाईंनी अख्ख्या वर्गाला गळ्यावर दोन बोटं ठेवायला लावली. आधी लांबवून ‘स’, मग ‘माझा’तला ‘झ’. ‘स’ला घसा गप्प, ‘झ’ला बोटांखाली थरथर. ढिला तो ‘लूस’, त्यात दोन ओ. हरणं, हरवणं ते ‘लूझ’, त्यात एकच. वर्गात असा गुणगुणाट सुरू झाला की शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन उभे राहिले. बाई म्हणाल्या, ‘‘सर, तुम्हीसुद्धा ठेवा बोटं.’’ आणि सरांनी ठेवली!

मग बाईंनी सूत्र सांगितलं : ‘‘क्रियापद म्हणजे काम. तिथे घशालाही काम करावं लागतं.’’ सल्ला हा ‘अ‍ॅडव्हाइस’, शेवटी सी-ई. सल्ला देणं ‘अ‍ॅडव्हाइझ’, एस-ई. वापर ‘यूस’, वापरणं ‘यूझ’. स्पेलिंग एकच, घसा वेगळा. ‘बिलीफ’-‘बिलीव्ह’, ‘प्रूफ’-‘प्रूव्ह’ यांतही तेच, ‘फ’ गप्प आणि ‘व्ह’ थरथरणारा. इतकं सोपं करून मला पुढे कॉलेजातही कुणी सांगितलं नाही.

जिथे उच्चार एकच, तिथे घशाचा उपयोग नाही. ‘स्टेशनरी’ घ्या. ए-आर-वाय म्हणजे जागचं न हलणारं, ई-आर-वाय म्हणजे वह्या-कागद. ऑफिसातल्या कागदांच्या कपाटावर रंगाऱ्याने नेमका ‘ए’ रंगवला होता. आमच्यातल्या एका हुशाराने ते मोठ्या आनंदाने बाईंना दाखवलं. बाईंनी पाटी नीट वाचली आणि विचारलं, ‘‘कपाट हलतं का?’’ ‘‘नाही, बाई.’’ ‘‘मग बरोबरच आहे की!’’ पुढे पाटी दुरुस्त झाली, पण आमच्या तुकडीत तो ‘ए’ आणि तो ‘ई’ पुन्हा कुणी चुकलं असेल असं वाटत नाही.

आज मी कर्जाचे करारनामे तपासण्याचं काम करतो. ‘प्रिन्सिपल’ ए-एलने संपला तर मुद्दल, एल-ईने संपला तर तत्त्व. मुद्दलाच्या जागी तत्त्व टाइप झालं तरी संगणक बहुतेक वेळा लाल रेघ मारत नाही, कारण स्पेलिंग म्हणून दोन्ही बरोबर. माझी नजर मात्र तिथे अडतेच, आणि हे सगळं श्रेय बाईंचं. हल्ली मुलं चार पर्यायांतला एक गोल काळा करून मोकळी होतात. शब्द मोठ्याने म्हणून बघायला वर्गात वेळच नसतो म्हणे. वाईट वाटतं.

परवा हाताखालच्या मुलाने विचारलं, ‘प्रॅक्टिस’ सी-ईने की एस-ईने? ब्रिटिश पद्धतीत नामाला सी, क्रियापदाला एस, आणि उच्चार दोन्हींचा एकच. अमेरिकन लोक दोन्हीकडे सी लिहितात, आणि ‘लायसन्स’ला मात्र दोन्हीकडे एस! पक्षकार कुठला आहे ते आधी बघ, असं सांगून मी त्याला कामाला लावलं.