हातावरची फुली

माझी लेक परवा रात्री वॉशिंग्टन शहरातल्या एका पंक संगीताच्या कार्यक्रमाहून घरी आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांच्या पाठीवर काळ्या मार्करची जाड फुली होती. एकवीस वर्षांखालच्या प्रत्येकाला दारातच अशी फुली मारतात, म्हणजे आत बारवर त्याला कुणी दारू देत नाही. बार आहे म्हणून पोरांना गाणं ऐकायला मज्जाव नाही, आणि गाणं ऐकायला आलेल्या पोरांना दारू नाही. मला हा हिशेब इतका पटला की झोपलेल्या नवऱ्याला उठवून सांगितला.

ठाण्याला आत्याला फोनवर सांगितलं तेव्हा मात्र वेगळंच झालं. "पंक म्हणजे ते केस उभे करणारे, नाकात काय काय टोचून घेणारे, नशेत असणारे ना? आणि तू सोळा वर्षांच्या पोरीला तिथे पाठवतेस?" प्रश्न आत्याने विचारला, पण तो आणखी चार-सहा जणांच्या मनात आहे हे मला ठाऊक आहे. म्हणून एकदाच सगळ्यांसाठी सविस्तर लिहितेय. वॉशिंग्टनमधल्या हार्डकोर पंकला, म्हणजे रॉकच्या त्या अतिवेगवान, ओरडून गायच्या प्रकाराला, जगभर जी ओळख मिळाली, ती दारूला नाही म्हणणाऱ्या शाळकरी पोरांमुळे. ही फुलीसुद्धा या शहरात त्यांनीच आणली.

१९८० च्या उन्हाळ्यात टीन आयडल्स नावाचा चार पोरांचा बँड ग्रेहाउंडच्या बसने थेट कॅलिफोर्नियाला गेला. सॅन फ्रान्सिस्कोला माबुहाय गार्डन्स नावाच्या क्लबात त्यांचं वय कमी म्हणून अडचण आली. तिथल्या लोकांनी त्यांना हाकलण्याऐवजी हातांवर मोठ्या फुल्या काढल्या आणि आत घेतलं. पोरांनी हे डोक्यात ठेवलं. वॉशिंग्टनला परतल्यावर त्यांनी एफ स्ट्रीटवर त्याच वर्षी सुरू झालेल्या ९:३० क्लबकडे हीच तोड मांडली: आमच्या हातांवर फुल्या मारा, पण आम्हाला ऐकू द्या, फुली असलेला एक जरी पिताना सापडला तर आम्हा सगळ्यांना कायमचं बाहेर काढा. एकासाठी सगळ्यांनी जामीन राहायचं, हे मला फार मोठं वाटतं. सतरा-अठरा वर्षांची मुलं होती ती.

त्या बँडचा बेस वाजवणारा इयन मकाय आणि ड्रमर जेफ नेल्सन दोघे वुड्रो विल्सन हायस्कूलचे. पुढे त्यांनी मायनर थ्रेट काढला. १९८१ मध्ये त्यांचं 'स्ट्रेट एज' हे गाणं आलं, अवघ्या ४६ सेकंदांचं. नशेत पडून राहण्यापेक्षा मला करण्यासारखं पुष्कळ आहे, एवढाच त्याचा आशय. त्या गाण्याच्या नावाने आज जगात कुठेकुठे लोक दारू, सिगारेट सोडतात. ते गाणं कानाला गोड नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला शब्द एक कळला नाही. पण शब्द वाचून पुन्हा ऐकलं आणि मग ते ओरडणं मला ओरडणं वाटेना. ज्याला कुणी ऐकून घेत नाही त्याला तेवढाच आवाज लागतो.

आता मला सगळ्यात जास्त काय भिडलं ते सांगते. १९८० च्या शेवटी टीन आयडल्स फुटला. वर्षभराच्या कार्यक्रमांतून मिळालेले काही शे डॉलर त्यांनी खर्च न करता साठवले होते. ते चौघांत वाटून घेता आले असते. त्याऐवजी त्यांनी ठरवलं की आपली गाणी राहिली पाहिजेत, आणि त्या पैशातून रेकॉर्ड काढली. कंपनी नव्हती म्हणून स्वतःच डिसकॉर्ड नावाची कंपनी केली. रेकॉर्डची पाकिटं कशी बनवायची हे कुणालाच माहीत नव्हतं. मग त्यांनी इंग्लंडहून आलेल्या एका रेकॉर्डचं पाकीट चिकटवलेल्या कडांवर सोडवून सपाट केलं, त्याचा आकार गिरवून घेतला, तसे मोठे कागद छापून आणले आणि जमिनीवर बसून एकेक पाकीट कात्रीने कापलं, दुमडलं, गोंदाने चिकटवलं. पहिल्या रेकॉर्डच्या १००० प्रती होत्या. त्या पाकिटावर फोटो कुणाचा, तर फुल्या मारलेल्या मुठींचा. पुढच्या रेकॉर्डही अशाच. मित्रमंडळी जमायची, गप्पा मारत पाकिटं दुमडायची.

पंधराव्या वर्षी पावतीपुस्तक हातात घेऊन ज्याने मंडळासाठी दारोदार वर्गणी काढली आहे, रात्र जागून मखर चिकटवलं आहे, त्याला यात परकं काहीच वाटणार नाही. खरं तर अशी कामाची शाळा आपल्या पोरांना इथल्यांपेक्षा लवकर मिळते, हे मी इथल्या शेजाऱ्यांनाही ठासून सांगते. फरक पुढे पडतो. डिसकॉर्ड अजून चालू आहे. तिचं घर १९८१ पासून पोटोमॅक नदीपलीकडे आर्लिंग्टनमध्ये. बँडशी लेखी करार नाही, शब्दावर व्यवहार, आणि नफ्यात बँडचा वाटा. शिवाय रेकॉर्ड काढायच्या त्या फक्त वॉशिंग्टन परिसरातल्या बँडच्या. बाहेरचे कितीही नामांकित बँड आले असते तरी त्यांनी कुंपण ओलांडलं नाही. आपल्या गावाचं आपण नोंदवून ठेवायचं, बाकीच्यांचं बाकीचे बघतील. ही बहुतेक गाणी ध्वनिमुद्रित झाली ती डॉन झिएन्टारा नावाच्या माणसाच्या इनर इअर स्टुडिओत. तो आधी त्याच्या घराच्या तळघरात होता, मग आर्लिंग्टनमधल्याच शर्लिंग्टन भागात गेला. ती जागा काउंटीने, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाने, विकत घेतली आणि २०२१ मध्ये स्टुडिओ बंद झाला. म्हणजे जुनं पाडायची घाई फक्त आपल्याकडेच असते असं नाही.

पण ही गोष्ट या पोरांपासून सुरू करणं अपुरं आहे. त्यांच्या आधी बॅड ब्रेन्स होते. चौघे काळे, मेरीलँडच्या सीमेलगतच्या वस्त्यांमधले, आधी जॅझ फ्यूजन वाजवणारे. त्यामुळे हात तयार होते, आणि त्या तयारीने त्यांनी पंक अशा वेगात वाजवलं की बाकी सगळे थक्क झाले. मकाय आणि त्याच्या मित्रांनी त्यांच्याकडूनच शिकून घेतलं. १९८० मध्ये या शहराची सुमारे ७० टक्के वस्ती काळ्यांची होती. हार्डकोरची पोरं मात्र बहुतांशी गोरी, बऱ्या घरची, चांगल्या शाळांतली. इथे कौतुकाचे लेख लिहिणारे हे पटकन ओलांडून जातात, ते मला खटकतं. थोडे पूल बांधलेही गेले: सप्टेंबर १९८३ मध्ये मायनर थ्रेटचा शेवटचा कार्यक्रम झाला तो ट्रबल फंक या इथल्या गो-गो बँडसोबत, एकाच मंचावर. गो-गो हे या शहरातल्या काळ्या वस्त्यांचं स्वतःचं संगीत. पण पूल थोडेच.

आणि हो, मारामाऱ्याही झाल्या. १९८४ च्या सुमारास कार्यक्रमांत धक्काबुक्की इतकी वाढली की जुनी मंडळी यायची बंद झाली. मुलींना तर पुढे उभं राहणंच अवघड. मग एमी पिकरिंग नावाच्या मुलीने आपल्या नोकरीच्या जागेवरून मित्रमैत्रिणींना निनावी चिठ्ठ्या पाठवायला सुरुवात केली: उठा, या उन्हाळ्यात काहीतरी करू. १९८५ च्या त्या उन्हाळ्याला इथे 'रेव्होल्यूशन समर' म्हणतात. राइट्स ऑफ स्प्रिंग, एम्ब्रेस असे नवे बँड आले, गाण्यांत राग होता तसं रडूही आलं. त्याच वर्षी मार्क अँडरसन आणि त्याच्या सोबत्यांनी पॉझिटिव्ह फोर्स हा गट काढला, आणि ही मुलं दक्षिण आफ्रिकेच्या दूतावासासमोर वर्णद्वेषाविरुद्ध डबे-ड्रम बडवत उभी राहिली. तो दूतावास मॅसॅच्युसेट्स अॅव्हेन्यूवर आहे. आपला भारतीय दूतावास ज्या रस्त्यावर आहे आणि त्याच्या समोर आपण गांधीजींच्या पुतळ्याला नमस्कार करतो, तोच हा रस्ता. त्या सत्याग्रहींत केस रंगवलेली पोरं होती म्हणून गांधीजींना वावगं वाटलं असतं असं मला नाही वाटत. १९९१ च्या उन्हाळ्यात मुलींनी मुलींसाठी सुरू केलेल्या 'रायट गर्ल' या पंक चळवळीच्या बैठकाही पॉझिटिव्ह फोर्सच्याच घरात भरायच्या. माझ्या लेकीच्या खोलीत त्यांच्या एका पत्रकाची प्रत लावलेली आहे आणि ती तिथेच राहील.

फुगाझीबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. मकायचा हा पुढचा बँड, पहिला कार्यक्रम सप्टेंबर १९८७ मध्ये विल्सन सेंटरला. तिकीट साधारण पाच डॉलर, कुठल्याही वयाला प्रवेश, टी-शर्ट विकायचे नाहीत. कुणी समोर मारामारी केली तर गाणं थांबवायचं, त्याला समजावायचं, नाहीच ऐकलं तर पाच डॉलर परत देऊन बाहेर न्यायचं. जानेवारी १९९१ मध्ये, आखाती युद्ध सुरू व्हायच्या काही दिवस आधी, ते व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट पार्कात कडाक्याच्या थंडीत वाजवत होते. २०११ पासून त्यांनी आपल्या ८०० हून अधिक कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं नेटवर उपलब्ध करायला सुरुवात केली. एवढी निगा राखणारे कलाकार मी शास्त्रीय संगीतातसुद्धा मोजकेच पाहिले आहेत.

निगा हाच शब्द माझ्या डोक्यात बसलाय. शहराच्या मध्यवर्ती सरकारी ग्रंथालयात, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या त्या काचेच्या इमारतीत, २०१४ पासून वॉशिंग्टनच्या पंकचा संग्रह आहे. शाळकरी पोरांनी फोटोकॉपी करून स्टेपल मारलेली मासिकं, विजेच्या खांबावर चिकटवलेली पत्रकं, कॅसेट, पाकिटं, सगळं आम्लमुक्त खोक्यांत, क्रमांक लावून. ग्रंथालय स्वतः पंकचे कार्यक्रमही भरवतं, फुकट. मेरीलँड विद्यापीठातही असा संग्रह आहे. करदात्यांच्या पैशाने हे चालतं आणि कुणी 'हा काय कचरा' म्हणत नाही. ते पाहून मला आमच्या घरातला एक कप्पा आठवला. १९५० च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि मंडळींनी 'शब्द' सायक्लोस्टाइल करून काढलं, पुढे 'असो', 'वाचा' आले. लघुनियतकालिकांचे असे अंक आमच्या एका काकांनी जपले होते. घर बदलताना ते रद्दीत गेले, किलोच्या भावाने. मी तेव्हा लहान होते, पण तो तराजू मला आठवतो. आणि लगेच कुणी 'आपल्याकडे जपत नाहीत' म्हणालं तर मी भांडेन. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे, मी त्याच्या पायऱ्यांवर वाढले आहे. पुस्तकं आपण जपतो. पोरांनी काढलेल्या चिटोऱ्याला कागदपत्राचा मान द्यायची वेळ आली की आपला हात आखडतो. मुंबईत सेंट झेवियर्सच्या शेजारच्या रंगभवनात रॉकचे एवढे कार्यक्रम झाले, शांतता क्षेत्राच्या नियमाने ते थांबले. त्या संध्याकाळींची तिकिटं, पोस्टरं कुणाच्या कपाटात आहेत? असतील तर टाकू नका, एवढंच कळकळीने सांगते.

आम्ही वॉशिंग्टनजवळ रॉकव्हिलला राहतो, त्या भागात मराठी घरं पुष्कळ. बहुतेकांचं वॉशिंग्टन म्हणजे स्मारकं, चेरीचा बहर आणि पाहुण्यांना दाखवायची संग्रहालयं. यात कुणाची चूक नाही. नोकरी, व्हिसा, मुलांच्या शाळा, शनिवारची मराठी शाळा, यातून उसंत मिळायलाच किती वर्षं जातात. पण याच रॉकव्हिलमध्ये येस्टरडे अँड टुडे नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. त्याच्या मालकाने, स्किप ग्रॉफने, या पोरांना रेकॉर्ड कशी काढायची ते शिकवलं, मकायने तिथे कामही केलं. तेव्हा मेट्रोची रेड लाइन इथपर्यंत आली नव्हती, ती डिसेंबर १९८४ ला आली. लेक त्याच रेड लाइनने ये-जा करते. तिला मी पाठवते कारण मी आधी चौकशी केली, आणि मला तिथे जे सापडलं ते आमच्या काळच्या कॉलेजच्या सहलींपेक्षा जास्त शिस्तीचं होतं.

उन्हाळ्यात ज्यांचे आई-बाबा इकडे येणार आहेत त्यांच्यासाठी: टेनलीटाउन स्टेशनजवळ फोर्ट रेनो पार्क आहे, शहरातली सगळ्यात उंच जागा. यादवी युद्धात किल्ला, नंतर काळ्या कुटुंबांची वस्ती. ती वस्ती पुढे हलवून शाळा आणि बाग केली, हे तिथे बसताना माहीत असलेलं बरं. शेजारची शाळा म्हणजे मकाय-नेल्सनचं हायस्कूल, आता तिचं नाव जॅक्सन-रीड आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे उन्हाळ्यात गवतावर फुकट कार्यक्रम होतात, फुगाझीही तिथे वर्षानुवर्षं वाजवून गेले. २०१४ मध्ये पोलिसांच्या खर्चावरून ते बंद पडायची वेळ आली होती, लोकांनी आवाज उठवला आणि ते वाचले. तिकीट नाही, दारूला परवानगी नाही, आणि लहान मुलं समोरच नाचत असतात. सतरंजी, पाणी, आणि डब्यात थालीपीठ घेऊन जा. मोठ्या आवाजाचा त्रास होणाऱ्यांनी मागच्या चढावर बसायचं, तिथून शब्द कमी कळतात पण वारा छान लागतो. कार्यक्रम अंधार पडायच्या सुमारास संपतो, त्यामुळे परतीच्या गाडीची काळजी नाही.