लळिंगचा घाट आणि न दमण्याचा सराव

सलग दोन वर्षे मी पहाटे धुळ्याहून सायकलने निघून लळिंगचा घाट चढत असे, आणि त्या दोन वर्षांत घाट चढायला लागणारा माझा वेळ अर्ध्या मिनिटानेही कमी झाला नाही. आठवड्यातून पाच दिवस आमचा चार-पाच जणांचा कंपू मुंबई-आग्रा महामार्गाने जायचा, कोणीतरी पुढे काढले की बाकीचे त्याच्या मागे लागायचे आणि घामाघूम होऊन घरी परतल्यावर सराव चांगला झाला असे प्रत्येकाला वाटायचे. वास्तविक आमचा एकही दिवस पुरेसा कठीण नव्हता आणि एकही पुरेसा सोपा नव्हता. थकवा मात्र रोजचा होता.

नॉर्वेत काम करणारे क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी वल्हवणारे, बर्फावरील स्कीपटू, सायकलपटू अशा दमसासाच्या खेळांतील अव्वल खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या सरावाची सुमारे ८० टक्के सत्रे अगदी सौम्य आणि उरलेली साधारण २० टक्केच कठीण असल्याचे त्यांना आढळले. आमच्या गणितात या दोन्हींपैकी काहीच नव्हते.

सौम्य म्हणजे किती सौम्य, इथेच बहुतेकांची गफलत होते. छातीला पट्टा बांधून नाडीचे ठोके मोजता येतात, परंतु २२० मधून वय वजा करण्याचे प्रचलित सूत्र एखाद्या माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकू शकते. त्यापेक्षा चालू सायकलवर पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले पाहिजे, ही कसोटी मला अधिक विश्वासाची वाटते. हलका गिअर लावून मिनिटाला ८५ ते ९० वेळा पॅडल फिरवायचे आणि कोणी मागून पुढे गेले तरी जाऊ द्यायचे. हे शेवटचे सर्वांत अवघड. असा सौम्य सराव सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात कापसाच्या शेतातून एका आजोबांनी मला हाक मारून विचारले, "काय भो, पंचर व्हयनं का?" मी हसून हात केला खरा, पण पुढचा एक किलोमीटर नकळत वेग वाढवला होता.

या संथपणात शरीर आपले काम करीत असते. स्नायूंतील केशवाहिन्या वाढतात, पेशींतील ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका वाढतात, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते आणि इंधन म्हणून चरबी वापरण्याची क्षमता सुधारते. हे बदल महिन्यांच्या हिशेबाने होतात, आठवड्यांच्या नव्हे. शिवाय पाय ताजे राहिल्यामुळे कठीण दिवशी खरोखर कठीण मेहनत करता येते.

कठीण दिवस आठवड्यातून दोनच. सायलर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हौशी सायकलस्वारांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात मध्ये विसावा घेत जोर लावून केलेल्या चार मिनिटांच्या आणि सोळा मिनिटांच्या चार फेऱ्यांपेक्षा आठ मिनिटांच्या चार फेऱ्यांचा लाभ अधिक दिसला. मी तोच बेत धरला. खानदेशच्या सपाटीवर घाट मोजकेच असले तरी वारा मुबलक आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. जून-जुलैत साक्री रस्त्याने पश्चिमेला तोंड करून निघावे, म्हणजे सपाट रस्ताच चढ होतो. आठ मिनिटांत दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, मात्र चौथ्या फेरीतही पहिलीइतकाच जोर टिकावा, एवढे सांभाळायचे. सायकलवरच्या यंत्रात ताशी १७ चा आकडा दिसला तरी मनाला लावून घ्यायचे नाही.

उन्हाळ्याचा विचार आपल्याकडे वेगळा करावा लागतो. पारा ४४-४५ अंशांवर गेला की शरीर गार ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते आणि त्याच वेगाला नाडी जास्त पडते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत वेगाकडे पाहून सराव करणे व्यर्थ आहे. उष्णतेला सरावण्यास शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात. तेवढे दिवस अंतर कमी ठेवावे आणि पहाटे पाचच्या आत बाहेर पडावे. परतल्यावर काळ्या जर्सीच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या दिसल्या, की बाटलीत नुसते पाणी पुरणार नाही हे ओळखावे. लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ टाकावे.

दीड तासाहून लांबच्या फेरीत ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावी लागतात. मध्यम आकाराच्या एका केळ्यात ती सुमारे २५ ग्रॅम असतात, तेव्हा केळीच्या मुलखात राहून महागडी पाकिटे विकत घेण्याचे कारण मला अजून सापडलेले नाही. आदल्या रात्री मात्र खिचडी किंवा दादर ज्वारीची भाकरी बरी. झणझणीत शेवभाजी खाऊन पहाटे घाट चढण्याचा प्रयोग मी एकदाच केला.

दर चौथ्या आठवड्यात मी अंतर जवळजवळ निम्मे करतो.

सहा महिन्यांनी लळिंगचा वेळ सव्वादोन मिनिटांनी उतरला. त्या डिसेंबरात आम्ही दोघे शहाद्याहून तोरणमाळला निघालो. सातपुड्यातले ते ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे आणि शेवटची वळणे पायांची परीक्षा पाहणारी आहेत. यशवंत तलाव दिसण्याच्या थोडे आधी मित्राने कापसाच्या भावाचा विषय काढला, आणि मी त्याला, जरा धापा टाकत का होईना, पूर्ण वाक्यांत उत्तर दिले.